कपाटातल्या जुन्या सीड्यांचं करायचं काय?

मागच्या अंकात घरात पडून असलेल्या जुन्या वस्तूंबद्दल विचारा म्हणालो होतो, तर सगळ्यात जास्त पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले ते सीडी-डीव्हीडीबद्दल. सातारा, कराड, सांगली, मिरज, तासगाव, सगळीकडून. त्यातले काही निवडून घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत सांगायला नको. डिस्क फेकायची असो, भंगारात घालायची असो नाहीतर बागेत टांगायची असो, आधी ती एकदा लावून बघा आणि आत काय आहे ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. बारसं, लग्न, आजोबांच्या आवाजातलं भजन, घरच्या जागरण-गोंधळाचं शूटिंग, ह्याची दुसरी कॉपी कुठंच नसते.

प्रश्न : सासऱ्यांचं राजवाड्याजवळ व्हीसीडी भाड्यानं द्यायचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं पण पोत्यात भरलेल्या सीड्या आणि त्यांची कव्हरं अजून माळ्यावर आहेत. भंगारवाला पोतं उघडून बघतो आणि नको म्हणून निघून जातो. घंटागाडीत टाकायला जीव होत नाही. काय करू? (एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

ताई, भंगारवाला नको म्हणतो त्याला कारण आहे. त्याला एका जातीचा माल लागतो आणि तुमच्या पोत्यात तीन जातीचं प्लास्टिक एकत्र आहे. डिस्क असते पॉलिकार्बोनेटची. ते टणक, काचेसारखं पारदर्शक कव्हर, जे हातातून पडलं की बिजागरीचे कान तुटतात, ते पॉलिस्टायरिन. आणि डीव्हीडीचं काळं, जरा मऊ, वाकवलं तरी न तुटणारं कव्हर असतं ते पॉलिप्रॉपिलीन. ही तिन्ही एकत्र वितळवली तर एकमेकांत नीट मिसळत नाहीत, जो माल निघतो तो ठिसूळ निघतो, म्हणून पुढचा व्यापारी घेत नाही आणि म्हणून तुमचा भंगारवाला पण घेत नाही.

डिस्कचं तर अजून अवघड. वजन जेमतेम १५-१६ ग्रॅम, म्हणजे किलोभर व्हायला साठ-पासष्ट डिस्क लागतात. जाडी १.२ मिलिमीटर, त्यातलं जवळजवळ सगळं पॉलिकार्बोनेट, वर ॲल्युमिनियमचा इतका पातळ थर की तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षा पण कमी भरतो, त्यावर लाखेसारखा कोटिंगचा थर आणि त्यावर छपाई. पॉलिकार्बोनेट हे चांगलं, महागातलं प्लास्टिक आहे, हेल्मेटच्या काचेला आणि गाडीच्या हेडलाइटला वापरतात ते, पण ते परत वापरायचं तर हा वरचा थर आणि शाई आधी काढावी लागते. ते काम मोठ्या कारखान्यातच होतं, गावातल्या भट्टीवर होत नाही.

म्हणून पोतं उघडून बसाच एकदा, दुपारभर वेळ काढून. कव्हरातले छापील कागद काढून रद्दीत टाका. काळी कव्हरं वेगळी करा, आत बघा, बऱ्याच कव्हरांवर त्रिकोणात ५ आकडा असतो, हे पॉलिप्रॉपिलीन बादल्या-डब्यांच्या मालाबरोबर जातं आणि भंगारवाला ते सहसा घेतो. पारदर्शक कव्हरं वेगळी, त्यावर खूण असली तर ६ असते. ह्यातली न तुटलेली फेकू नका, पुढं सांगतो ती कशाला उपयोगी पडतात. डिस्क मात्र तोडू नका, सुतळीत ओवून गड्डे बांधा. तुटलेल्या डिस्कच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात आणि कचरा वेचणाऱ्या बायकांचे हात कापतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हे गड्डे ई-कचऱ्याचा कॅम्प लागतो तिथं न्या, पण आधी फोन करून डिस्क घेता का विचारा. डिस्क ही काही इलेक्ट्रॉनिक वस्तू नाही, त्यामुळं सगळेच घेतात असं नाही. प्लेअर आणि कॉम्प्युटरचा ड्राइव्ह मात्र नक्की ई-कचरा आहे, २०२२ च्या नियमांप्रमाणे तो अधिकृत रीसायकल करणाऱ्याकडंच गेला पाहिजे. त्यांची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर मिळते.

आणि हो, जुन्या मराठी सिनेमांच्या, तमाशाच्या, कीर्तनाच्या ओरिजिनल व्हीसीड्या असतील तर त्या गड्ड्यात घालू नका. अशा गोष्टी जमवणारी माणसं आहेत आणि त्यातलं बरंच परत कुठं मिळत नाही.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी होतं. लग्नाच्या दोन सीड्या आणि मुलाच्या बारशाची एक डीव्हीडी चिखलात गेली. तेव्हा पुसून ठेवल्या पण परत लावायचं धाडस झालं नाही. ह्यातून काय वाचेल का? (एक वाचक, हरभट रोड, सांगली)

वहिनी, त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट गाठले होते. किती घरातले अल्बम आणि सीड्या गाळात गेल्या असतील ह्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पण आशा सोडू नका. फोटो पाण्यात गेला की बहुतेक जातोच, डिस्कचं तसं नसतं. पाणी बाहेरून लागलेलं असतं आणि रेकॉर्डिंग आतल्या थरात असतं.

आधी कोरडं पुसायचं नाही. नदीच्या गाळात बारीक वाळू असते, कोरडा फडका फिरवला की चरे पडतात. नळाच्या बारीक धारेखाली डिस्क धरा, कडेला आणि मधल्या भोकात बोट घालून धरा, माती आपोआप वाहू द्या. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात घालून जुन्या मऊ सुती कापडानं पुसा, आणि पुसायचं ते मधून कडेकडं, सरळ रेषेत, गोल गोल नाही. कारण डिस्कवरची माहिती मधून सुरू होऊन गोल गोल फिरत बाहेर जाते. आडवा चरा पडला तर प्रत्येक फेरीतला अगदी लहानसा तुकडा जातो आणि तो भरून काढायची सोय प्लेअरमध्येच असते, पण गोलाकार चरा पडला तर एकाच फेरीतला लांबच्या लांब भाग जातो, तो भरून निघत नाही. शेवटी फिल्टरच्या पाण्यानं खळबळून काढा, नाहीतर क्षाराचे डाग राहतात. सावलीत उभी करून वाळवा. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये एक रंगाचा थर असतो, तो उन्हानं खराब होतो. लग्नाच्या बहुतेक सीड्या अशा राइट केलेल्याच असतात.

वाळली की ट्यूबलाइटकडं धरून आरपार बघा. छापील बाजू खरवडलेली असेल, बारीक बारीक भोकांतून उजेड येत असेल किंवा कडेनं काळे-पांढरे डाग आत शिरलेले असतील तर पाणी वरच्या कोटिंगखाली गेलंय आणि ॲल्युमिनियम खराब झालंय. तो भाग परत येत नाही, बाकीचा येऊ शकतो. सीडीची नाजूक बाजू म्हणजे छापील बाजू, लोक उलटं समजतात. खालून चरा पडला तर खाली मिलिमीटरभर प्लास्टिक आहे, तो पॉलिश करून निघू शकतो, टूथपेस्ट पण हलक्या चऱ्याला चालते, पण वरून गेलं ते गेलं. डीव्हीडीत मात्र रेकॉर्डिंग दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतं, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळं बारशाची डीव्हीडी वाचायची शक्यता जास्त आहे.

आता कॉपी कशी करायची. नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, यूएसबीनं लावायचा बाहेरचा ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा. व्हीसीडी असेल तर आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यात डीएटीच्या फाइली असतात, तेच तुमचं लग्न. डीव्हीडीत व्हिडिओ टीएस नावाच्या फोल्डरात व्हीओबीच्या फाइली. त्या जशाच्या तशा कॉम्प्युटरवर उतरवा, व्हीएलसी प्लेअरवर दोन्ही चालतात. एका ड्राइव्हवर चालत नसेल तर दुसऱ्यावर लावून बघा, जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह कधी कधी ते वाचतो जे लॅपटॉपचा वाचत नाही, हे अगदी नेहमीचं आहे. मध्येच अडकत असेल तर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आधी चांगला भाग काढून घेतं आणि मग खराब भागावर परत परत प्रयत्न करतं. शेजारच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोराला सांगा, जमेल त्याला. आणि निघालेली फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक घरात आणि एक पाणी येत नाही अशा नातेवाइकाकडं.

प्रश्न : गावाकडं सासूबाई बंबात सीडीची कव्हरं घालतात, पटकन पेटतात म्हणून. चालतं का? (एक वाचक, वाई)

अजिबात नाही. त्यांना प्रेमानं सांगा पण सांगाच. पारदर्शक कव्हर पॉलिस्टायरिनचं, ते पेटतं खरं, पण त्यातून जो काळा दाट धूर निघतो आणि काजळीचे धागे हवेत तरंगतात ते सगळं बंबापाशी बसणाऱ्याच्या छातीत जातं. बंब बहुतेक न्हाणीघराच्या दारातच असतो, तिथं लहान पोरं अंघोळीची वाट बघत उभी असतात. शिवाय नळीत काजळी धरते आणि बंब नीट ओढत नाही. डिस्क पण घालायची नाही. थंडीत शेकोटीत घालतात ते पण तेच. कचरा उघड्यावर जाळायला कायद्यानं बंदी आहे, पण कायद्यापेक्षा घरातल्या माणसांच्या श्वासाचा विचार आधी करा.

प्रश्न : द्राक्षबागेत सीड्या टांगल्या तर पाखरं येत नाहीत म्हणतात. आमच्या बागेत आठवडाभर फरक पडला, मग बुलबुल सीडीच्या शेजारी बसून मणी खाऊ लागले. आमचं काही चुकतंय का? (एक बागायतदार, तासगाव तालुका)

दादा, तुमचं चुकलं असं नाही, पाखरं शिकतात. चमकणारी वस्तू रोज त्याच जागी, त्याच उंचीवर दिसली आणि तिच्यापासून काही त्रास झाला नाही की चार-आठ दिवसांत भीती जाते. बुलबुल आणि साळुंकी तर फारच हुशार. त्यामुळं मण्यात पाणी उतरायच्या आधीपासून सीड्या लावून ठेवू नका. पाणी उतरून गोडी यायला लागली की मगच लावा आणि दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला.

दुसरं म्हणजे मांडवाखाली टांगली तर तिच्यावर ऊनच पडत नाही, मग चमकणार काय? ती बागेच्या कडेला, ओळींच्या तोंडाशी, शेंड्याच्या वर येईल अशी काठीला बांधा. दोन डिस्क पाठीला पाठ लावून, चमकती बाजू दोन्हीकडून बाहेर, आणि तंगुसानं बांधा म्हणजे वाऱ्यावर मोकळी फिरते. सुतळीला पीळ बसतो आणि डिस्क एकाच बाजूला तोंड करून राहते. सीड्यांच्या जोडीला चमकणारी रिबन, मध्येच आवाज, असं बदलत राहिलं तर जास्त दिवस टिकतं. पण खरं सांगायचं तर चांगला माल राखायचा असेल तर जाळीला पर्याय नाही. सीडी ही मदत आहे, राखणदार नाही. ज्वारीच्या हुरड्याच्या दिवसात थोड्या रानाला ती पुरते, कारण तिथं तेवढे पंधरा-वीस दिवसच काढायचे असतात.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ऊन-पावसात सीडीच्या छापील बाजूचं कोटिंग सुटतं आणि चंदेरी पापुद्रे गळायला लागतात, उन्हानं प्लास्टिक पण पिवळं पडून तडकतं. हे पापुद्रे घडात अडकले तर धुवून निघत नाहीत. बेदाण्याच्या शेडजवळ तर सीडी टांगूच नका, रॅकवर द्राक्षं उघडी पसरलेली असतात, सांगलीच्या बेदाण्याचं नाव एवढं मोठं आहे, त्यात चंदेरी कचरा सापडला तर काय होईल. लावताना मोजून लावा, छाटणीच्या आधी तेवढ्याच मोजून काढा. रानात पडलेली एक डिस्क रोटाव्हेटरखाली गेली की तिचे तुकडे मातीतून कधीच निघत नाहीत.

प्रश्न : मी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी टाकाऊतून टिकाऊ करायचं आहे. सगळे सीडीचा मोर करतात. मला वेगळं काहीतरी सांगा. (एक विद्यार्थिनी, मिरज)

बाळा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मोर दिसायला छान असतो पण प्रदर्शन संपलं की तो कोपऱ्यात जातो आणि फेव्हिकॉल, टिकल्या, आरसे चिकटवल्यामुळं ती डिस्क पुन्हा कशालाच चालत नाही. तुला दोन गोष्टी सांगतो, दोन्हीत खरं विज्ञान आहे.

पहिली, वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून दाखवणारा खोका. सीडीवर एका मिलिमीटरमध्ये साधारण ६२५ फेऱ्या असतात, दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. डीव्हीडीत ते ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरला साडेतेराशेच्या आसपास. एवढ्या जवळ जवळ रेषा असल्या की उजेडाचे रंग सुटे होतात, म्हणून सीडी रंगीत दिसते. बुटाचा खोका घे, एका टोकाला अगदी बारीक उभी फट ठेव, दुसऱ्या टोकाला आत सीडी साधारण ६० अंश तिरकी बसव आणि तिच्यावर वरून बघता येईल असं भोक पाड. खोका सगळीकडून काळ्या कागदानं बंद कर, आत बाहेरचा उजेड येता कामा नये. आता फट जुन्या ट्यूबलाइटकडं धर. अखंड इंद्रधनुष्य दिसणार नाही, मध्ये ठळक सुट्या पट्ट्या दिसतील, त्यातली हिरवी पट्टी अगदी झळाळून दिसते, ती ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेची. मग एलईडी बल्बकडं धर, तिथं रंग एकमेकांत मिसळत जातात पण निळा आणि हिरवा ह्यांच्या मध्ये मंद पट्टा दिसतो. मग मेणबत्ती. आणि नंतर तेच डीव्हीडीनं करून बघ, रंग जास्त लांब पसरतात, कारण वर दिलेल्या आकड्यांत आहे. तिघांची चित्रं काढून शेजारी शेजारी लाव, बघायला येणाऱ्याला स्वतः बघू दे. सूर्याकडं मात्र कधीच धरायचं नाही, डोळा जाईल.

दुसरी गोष्ट कव्हराची. पारदर्शक कव्हरातला डिस्क बसायचा ट्रे हलकेच ओढून काढ. आत ओला टिश्यू पेपर घाल, त्यावर मुगाचे आणि मेथीचे दाणे ओळीत ठेव, झाकण लाव आणि कव्हर पुस्तकासारखं उभं ठेव. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड फुटून मुळं खाली जाताना काचेतून बघितल्यासारखी दिसतात. मग कव्हर चौथाई वळवून ठेव. दुसऱ्या दिवशी बघ, मूळ काटकोनात वळून परत खालीच चाललेलं असतं. रोज त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढ. कुंडीत हे दिसत नाही. टिश्यू सुकू देऊ नकोस आणि पाणी साचू पण देऊ नकोस, नाहीतर बुरशी येते.

सीडी कापायची वेळ आलीच तर घरातल्या मोठ्या माणसाकडून काप, चष्मा घालून. ती काचेसारखी उडते. आणि दिवाळीत सीडीवर पणती ठेवायची आयडिया सगळीकडं फिरते, ती नको, वर सांडलेलं तेल आणि छापील शाई दोन्ही पेट घेतात. बॅटरीवरचा दिवा ठेव.

प्रश्न : कव्हराचे टेबल कॅलेंडर आणि फोटो फ्रेम करायला घेतले, पण फेव्हिकॉलनं चिकटत नाही आणि थिनरनं लेबल काढायला गेले तर कव्हर पांढरं पडलं. (एक वाचक, कराड)

ताई, फेव्हिकॉल लाकूड-कागदासाठी, गुळगुळीत प्लास्टिकवर तो धरत नाही. पारदर्शक कव्हराला फेविक्विक चालतं, अगदी कमी लावा आणि उघडं ठेवून वाळू द्या, नाहीतर आत पांढरी वाफ बसते. काळ्या कव्हराला ते पण धरत नाही, पॉलिप्रॉपिलीनला सहसा काहीच चिकटत नाही, तिथं चिकटवत बसण्यापेक्षा भोक पाडून दोरा नाहीतर स्टेपल वापरा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर पॉलिस्टायरिनला खातं, पांढरं पडलेलं परत पारदर्शक होत नाही. लेबल काढायला खोबरेल तेल चोळून तासभर ठेवा आणि बोटानं काढा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. कॅलेंडरची कल्पना छानच आहे, कव्हर उलटं उघडून ठेवलं की आपोआप उभं राहतं, १२ सेंटिमीटरचे चौकोनी कागद कापून घातले की झालं. दर महिन्याला पुढचं पान. काळ्या कव्हरात मी स्वतः वायर, चार्जरची केबल, शिवणाच्या सुया-बॉबिन असलं ठेवतो, बिजागरी किती पण उघडझाप केली तरी तुटत नाही. खायचं काही ठेवू नका.

प्रश्न : आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. ग्राहकांच्या जुन्या रिटर्नच्या सीड्या भंगारात द्यायला भीती वाटते. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनच्या पण घरात आहेत. (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

भीती रास्त आहे, पॅन नंबर आणि बँकेचे तपशील असलेली सीडी तशीच देऊ नये. खालच्या चमकत्या बाजूला चरे ओढून उपयोग नाही. साध्या सीडीची छापील बाजू वर करून खिळ्यानं खोल खरवडा, मग त्यावर रुंद चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, चंदेरी थर पट्टीबरोबर निघून येतो आणि खाली स्वच्छ पारदर्शक चकती राहते. असं केलं की रेकॉर्डिंग वाचायला काही उरत नाही. डीव्हीडीचा थर मध्ये असतो म्हणून हे चालत नाही, ती जाड कापडाच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बंद करून वाकवून तोडा आणि तुकडे कागदात गुंडाळून, वर धारदार आहे असं लिहून द्या. ऑफिसच्या काही श्रेडरला सीडीसाठी वेगळी फट असते, असेल तर सगळ्यात सोपं. मायक्रोवेव्हमध्ये घालायचे व्हिडिओ बघितले असतील, ते करू नका, ठिणग्या उडतात, विषारी वाफ निघते आणि त्याच मायक्रोवेव्हमध्ये नंतर घरचं जेवण गरम होतं.

सीटी स्कॅनच्या मात्र एवढ्यात नष्ट करू नका. आजार जुना असेल तर डॉक्टर आधीचा स्कॅन मागतात, फिल्मपेक्षा सीडीत जास्त चित्रं असतात. पूर्ण फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा, एखादी फाइल नाही तर सगळा, कारण तो उघडायचं सॉफ्टवेअर पण बहुतेक त्यातच असतं. फोल्डरला पेशंटचं नाव आणि तारीख द्या, उघडतोय का बघा आणि मगच डिस्क काढा.